साठवलेली वीज कोणाच्या मालकीची?

विजेवर चालणारी मोटार ही शहरातील सुखवस्तू वर्गाची हौस आहे, अशी समजूत करून घेऊन आपल्या चळवळीने या विषयाकडे आजवर पाठ फिरवली आहे. या समजुतीला आधार नव्हता असे नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले, तेव्हा चर्चा झाली ती मुख्यतः अनुदानाची, करसवलतीची आणि समृद्धी महामार्गावरील पथकरमाफीची. समृद्धीवरून पथकर न देता धावणारी मोटार वरवट बकालच्या शेतमजुराच्या आयुष्यात कोणता फरक घडवणार, असे कोणी विचारले तर त्याला दोष देता येत नाही. परंतु या वाहनाच्या पोटात जी बॅटरी आहे, तिचा प्रश्न मोटारीच्या प्रश्नाहून निराळा आहे. ही बॅटरी वीज घेते, तशीच ती वीज परतही करू शकते. दुपारी स्वस्त वीज भरून घ्यावी आणि संध्याकाळी महाग वीज ग्रिडला परत द्यावी, असा विनिमय आता तांत्रिकदृष्ट्या शक्य झाला आहे. म्हणजे वाहन हे एक छोटे वीज भांडारच झाले. आणि जेथे भांडार आले, तेथे ते कोणाच्या मालकीचे, हा समाजवाद्यांचा सर्वांत जुना प्रश्नही आला.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे एक गोष्ट शिकवत आलो. धान्य कोठारात ठेवता येते, कापूस गठाणी बांधून ठेवता येतो, पण वीज ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी वापरावी लागते. म्हणून संध्याकाळच्या दोन-चार तासांच्या सर्वोच्च मागणीसाठी वर्षभर मोठाली यंत्रे उभी ठेवावी लागतात आणि त्यांचा खर्च सर्वांच्या बिलात चढतो. कोयनेसारखे जलविद्युत प्रकल्प संध्याकाळची ही गरज काही प्रमाणात भागवतात. उरलेला भार कोळशावर येतो. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारस येथील २५० मेगावॉटचे दोन संच, २००८ आणि २०१० मध्ये सुरू झालेले, याच कामी जुंपलेले असतात. सौर विजेने या चित्रात एक नवी विसंगती आणली आहे. भर दुपारी वीज मुबलक, आणि घरोघरी दिवा लागण्याच्या वेळी सूर्य मावळलेला. साठवणुकीचे महत्त्व एकाएकी वाढले ते यामुळे.

मोटारीच्या बॅटरीने ही साठवणूक करावी, ही कल्पना विलेट केम्प्टन आणि स्टीव्हन लेटेंड्रे या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९९७ साली मांडली. त्यांचा युक्तिवाद साधा होता. खासगी वाहन दिवसाचे बहुतेक तास नुसते उभे असते. तेवढा वेळ त्याची बॅटरी ग्रिडच्या कामी का येऊ नये? बॅटरीतील एकदिश प्रवाह ग्रिडच्या प्रत्यावर्ती प्रवाहात बदलणारे यंत्र, दोन्ही दिशांनी चालणारा मीटर आणि केव्हा द्यायचे, केव्हा घ्यायचे हे ठरवणारी संदेशव्यवस्था, एवढी सामग्री त्यासाठी लागते. आपल्याकडे लोडशेडिंगच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले, त्याचेच हे मोठे भावंड म्हणता येईल. डेलावेअर विद्यापीठाने २०१३ मध्ये मोटारींच्या एका छोट्या ताफ्यातून अशी सेवा ग्रिडला विकून दाखवली. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे विजेवर चालणाऱ्या ७४ शालेय बसगाड्या याच पद्धतीने ग्रिडला जोडण्यात आल्या. आपल्या देशात केरळच्या वीज मंडळाने २०२५ मध्ये मुंबईच्या आयआयटीच्या साहाय्याने प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. केरळचे वीज मंडळ सार्वजनिक मालकीचे आहे, आणि त्याने महाराष्ट्रातील संस्थेकडून ज्ञान घेतले, ही बाब आमच्या राज्यकर्त्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

आता हा विषय वरवट बकालमध्ये आणून पाहू. संग्रामपूर तालुक्यातील हे बाजारपेठेचे गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा, आणि खाली खारपाणपट्टा. या पट्ट्यातील विहिरींचे पाणी माणसाने प्यावे असे नाही. मूत्रपिंडाच्या विकाराने या परिसरातील किती कुटुंबे उद्ध्वस्त झाली हे येथील कार्यकर्त्यांना आम्ही सांगण्याची गरज नाही. म्हणूनच वान प्रकल्पाच्या पाण्यावरील १४० गावांची पाणीपुरवठा योजना येथे जीवनमरणाची आहे, आणि पंप बंद पडले की गावाला पुन्हा खाऱ्या विहिरीकडे वळावे लागते. शेतीचे म्हणाल, तर कृषी वाहिनीवर तीन फेजची वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशी पाळी शेतकऱ्याने वर्षानुवर्षे सोसली. रब्बीच्या थंडीत मध्यरात्री हरभऱ्याला ओलित करायला जाणारा माणूस साप-विंचवाच्या भीतीने हातात काठी आणि कंदील घेऊन बांधावर उभा असतो, तेव्हा देश महासत्ता होण्याच्या वाटेवर असल्याचे त्याला कोणी सांगू नये. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर आणि जळगाव जामोद या दोन्ही तालुक्यांना अतिवृष्टीने झोडपले, तेव्हा नदीकाठच्या गावांनी अंधार म्हणजे काय तेही पाहिले.

शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथून सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी, मोठी आवृत्ती आली. ती पूर्णत्वास गेली तर पंपाची रात्रपाळी संपेल. हे श्रेय ज्याचे त्याला द्यावे. पण त्यातून दोन गोष्टी उरतात. एक, हे सौर प्रकल्प बहुतांशी खासगी कंपन्यांचे आहेत. शेतकऱ्याच्या वाट्याला जमिनीचे भाडे येते, विजेतील भागीदारी येत नाही. दुसरी, संध्याकाळची गरज तशीच राहते. दिवे, पिठाची गिरणी, दवाखान्यातील शीतपेटी, पाणी योजनेचा पंप यांना सूर्य मावळल्यावरही वीज हवी. साठवलेल्या विजेचे स्थान नेमके येथे आहे.

या व्यवहारात सामान्य माणसाला काय मिळेल, याचा हिशेब आम्ही करून पाहिला. दर समजण्यापुरते धरलेले आहेत. विजेवर चालणाऱ्या प्रवासी रिक्षाची बॅटरी साधारण आठ युनिटांची. दिवसाचा धंदा आटोपल्यावर रिक्षावाल्याने त्यातील तीन युनिटे ग्रिडला दिली, असे समजू. भरताना आणि परत देताना मिळून सुमारे पाचवा हिस्सा वाटेत जातो, म्हणून तीन युनिटे देण्यासाठी त्याला पावणेचार युनिटे घ्यावी लागतील. दुपारचा दर चार रुपये धरला तर खर्च पंधरा रुपये. संध्याकाळचा दर आठ रुपये धरला तर प्राप्ती चोवीस रुपये. नफा नऊ रुपये. एक कप चहाही धड होत नाही! आणि यात घसारा धरलेलाच नाही. बॅटरीची किंमत एक लाख आणि तिचे आयुष्य अडीच हजार भरणांचे मानले, तर ती आयुष्यभरात वीस हजार युनिटे देणार. म्हणजे प्रत्येक युनिटामागे पाच रुपयांची झीज. तीन युनिटांना पंधरा रुपये. नऊ रुपये मिळवण्यासाठी पंधरा रुपयांची झीज करून घेण्याला धंदा म्हणत नाहीत. पण ही झीज बिलावर दिसत नाही. ती चार-पाच वर्षांनी, नवी बॅटरी घेण्याच्या वेळी, कर्जाच्या रूपाने समोर येते. रोजचे नऊ रुपये मात्र रोज दिसतात.

मग या व्यवहारात नफा कोणाला? जो हजारो बॅटऱ्या एकत्र जोडून त्यांच्या वतीने बाजारात बोली लावतो, त्या मध्यस्थाला. प्रत्येकाकडून तीन युनिटे घेऊन तो हजारांची रास करतो, ती नेमक्या टंचाईच्या घटकेला विकतो, आणि झीज मात्र ज्याची त्याच्या पदरी राहते. वऱ्हाडातील वाचकाला हे नवे वाटणार नाही. कपाशीच्या बाबतीत अडत्याने पिढ्यान् पिढ्या दुसरे काय केले? शेतकऱ्याजवळ साठवण नव्हती आणि थांबण्याची ऐपत नव्हती. दोन्ही व्यापाऱ्याजवळ होती. त्या दुष्टचक्रावर उपाय म्हणून महाराष्ट्राने १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. तिचे पुढे काय झाले तेही आपण विसरू नये. प्रतवारीतील मनमानी, चुकाऱ्यातील विलंब आणि सत्ताधाऱ्यांची ढवळाढवळ यांनी ती योजना आतून पोखरली गेली. पण रोगाचे निदान चुकीचे नव्हते.

विजेच्या बाबतीत हे निदान त्याहूनही जुने आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४३ च्या ऑक्टोबरात धोरण समितीपुढे वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न रोखठोक मांडला होता. औद्योगिकीकरणासाठी वीज स्वस्त आणि मुबलक हवी, हा त्यांचा आग्रह होता. १९४८ च्या कायद्याने राज्यांची वीज मंडळे आली आणि त्यांच्यामुळेच खेड्यात तार पोहोचली, कारण संग्रामपूरसारख्या तालुक्यात खांब रोवून नफा मिळत नाही हे खासगी भांडवलाला पक्के ठाऊक होते. नफ्याची वाट तयार झाल्यावर ते भांडवल आले. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाने न घेतलेल्या विजेचेही पैसे मागण्याचा करार सरकारच्या गळ्यात बांधला आणि २००१ मध्ये तो प्रकल्प बंद पडला. २००३ चा विद्युत कायदा, त्यापाठोपाठ २००५ मधील वीज मंडळाचे विभाजन, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्राने पुढे आणलेला, एकाच तारेवरून अनेक वितरकांना धंदा करू देणारा दुरुस्ती मसुदा, ही एकाच वाटेवरील ठाणी आहेत. साठवलेली वीज हे त्यापुढचे ठाणे होय. ते अजून कोणी बळकावलेले नाही, म्हणून आज त्याविषयी बोलायचे.

बोलण्याची सुरुवात एस.टी.पासून करावी लागेल. १ जून २०२२ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर एस.टी.ची विजेवरील पहिली 'शिवाई' धावली; बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वी याच मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी निघाली होती. पण त्या दोन गाड्यांत एक मोठा फरक आहे. २०२३ मध्ये महामंडळाने ५,१५० विद्युत बसगाड्यांचे जे कंत्राट दिले, ते खरेदीचे नव्हते, भाड्याचे होते. गाडी कंपनीची, चालक कंपनीचा, वाहक तेवढा महामंडळाचा, आणि भाडे किलोमीटरमागे. त्या गाड्या ठरल्या वेळेत आल्या नाहीत, हा निराळा प्रश्न. आम्हाला येथे बॅटरीविषयी विचारायचे आहे. एका बसच्या बॅटरीत दोनशे ते तीनशे युनिटे मावतात. पाच अश्वशक्तीचा शेतीपंप तासाला चार युनिटांच्या आसपास घेतो. तेव्हा एका बसने ऐंशी युनिटे दिली तरी तो पंप वीस तास चालेल. या बॅटरीची किंमत किलोमीटरच्या भाड्यात समाविष्ट आहे, म्हणजे ती खेड्यातील प्रवासी आपल्या तिकिटातून फेडणार आहे. उद्या हीच बॅटरी संध्याकाळी ग्रिडला वीज विकू लागली, तर ती प्राप्ती कोणाची? मालकीच्या सरळ न्यायाने पाहिले तर कंपनीची. ओकलंडच्या त्या ७४ गाड्याही शाळांच्या नाहीत, एका खासगी कंपनीच्या आहेत. प्रवाशाने फेडलेल्या भांडाराचे भाडे दुसऱ्याने खावे, याला आमचा विरोध आहे.

हेच भांडार सार्वजनिक असते तर काय घडले असते, याची कल्पना करण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. बुलडाणा विभागातील शेगाव आणि जळगाव जामोद ही आगारे या भागाला जवळची. तेथून निघणारी मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात येते, रात्रभर चावडीपाशी उभी राहते आणि पहाटे विद्यार्थ्यांना व बाजारकऱ्यांना घेऊन परत जाते. ही गाडी विजेची असेल आणि दुपारी आगारातील सौर विजेवर भरलेली असेल, तर पहाटेच्या खेपेपुरती वीज राखून उरलेल्यातील साठ-ऐंशी युनिटे ती गावाला देऊ शकेल. पाण्याच्या टाकीचा पंप, आरोग्य उपकेंद्र आणि पुराच्या रात्री शाळेत आसरा घेतलेली माणसे यांच्यासाठी तेवढी पुष्कळ आहेत. बाजारभावाने या ऐंशी युनिटांचा नफा क्षुल्लक ठरेल. मोठी बॅटरी स्वस्त आणि दीर्घायुषी असली तरी झीज वजा जाता हाती फारसे काही उरणार नाही. पण पुराच्या रात्री उपकेंद्रातील दिव्याची किंमत बाजारभावाने कोण ठरवणार? खासगी मध्यस्थ ही वीज जेथे दर चढा असेल तेथे विकणार, आणि तो दर वरवट बकालमध्ये चढा नसतो.

या ठिकाणी काही मित्र आम्हाला मुळा-प्रवराचे उदाहरण देतील, आणि ते दिलेच पाहिजे. ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाची स्थापना १९६९ मध्ये झाल्यानंतर ज्या मोजक्या ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यांत श्रीरामपूरची ही संस्था अग्रगण्य होती. थकबाकीच्या डोंगराखाली ती दबली आणि २०११ मध्ये तिचा परवाना संपून वितरण महावितरणकडे गेले. सहकाराचे नाव आणि साखर कारखानदारांच्या घराण्यांची सत्ता, हा संसार कसा शेवटास जातो हे त्यातून दिसले. आपल्याच तत्त्वाच्या पराभवाची चिकित्सा आपण करणार नसू, तर दुसऱ्यांना उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परंतु याच राज्यात आणखी एक अनुभव आहे, आणि त्याची आठवण फारसे कोणी काढत नाही. २००५ नंतरच्या तीव्र भारनियमनाच्या काळात महावितरणने अक्षय प्रकाश योजना आणली होती. संध्याकाळच्या वेळी गावातील कोणीही शेतीपंप किंवा जड यंत्र चालवायचे नाही. त्या बदल्यात गावाला दिव्यांसाठी अखंड वीज मिळेल, असा तो करार. कोणी पंप सुरू केला तर गावच त्याला आवरत असे. त्यासाठी ना नवा मीटर लागला, ना मध्यस्थ. ग्रिड आणि गाव यांच्यातील विजेचा विनिमय म्हणतात तो हाच. फरक इतकाच की तेव्हा गावाने आपला संयम दिला आणि आता साठा द्यायचा आहे. ग्रामसभेला हे जमते, हे त्या गावांनी दाखवून दिले आहे.

बॅटरीच्या पोटातील धातूंविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण मालकीचा प्रश्न तेथूनच सुरू होतो. आपल्या विदर्भात मँगनीज आहे. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश कंपनीने खणलेल्या या खाणी १९६२ मध्ये सरकारी सहभागाने 'मॉयल'कडे आल्या आणि १९७७ मध्ये पूर्णतः सार्वजनिक झाल्या. २०१० मध्ये त्यांचे भाग बाजारात विकण्यात आले. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे बॅटरीला लागणारे मँगनीज डायऑक्साइड तयार होते, पण ते मुख्यत्वे साध्या कोरड्या सेलसाठी. खनिज दळण्यात प्रचंड वीज खर्च होते. त्यावर शास्त्रज्ञांनी सूक्ष्मलहरींचा उपाय प्रयोगशाळेत तपासला आहे: घरातील मायक्रोवेव्हच्या तत्त्वानेच खडक तापवला की त्यातील काही खनिजकण झटकन तापून फुगतात, काही थंड राहतात, त्यांच्या सांध्यात भेगा पडतात आणि दळण सोपे होते. मोठ्या भट्टीसारखे हे यंत्र पेटते ठेवावे लागत नाही. दुपारी सौर वीज मुबलक असताना चालवावे, संध्याकाळी बंद करावे. सार्वजनिक खाणीने असे संशोधन नागपुरात करावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. ते न करता कच्चे खनिज देऊन पक्की बॅटरी परदेशातून आणणे, हा मँचेस्टरला कापूस पाठवून धोतरे विकत घेण्याचाच प्रकार आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे, ते आता स्पष्टपणे सांगतो. केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून दिवसाच्या वेळेनुसार दर आणले. सौर तासांत दर किमान २० टक्क्यांनी कमी आणि सर्वोच्च मागणीच्या तासांत अधिक. शेतीग्राहक त्यातून वगळले आहेत, पण गावातील दुकानदार, गिरणीवाला आणि घरगुती ग्राहक वगळलेले नाहीत. २०२४ मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरविरोधी आंदोलनामुळे सरकारला सामान्य ग्राहकांबाबत माघार घ्यावी लागली, आणि पुढे टीओडी मीटर या नावाने नवी मोहीम आली. त्या आंदोलनात आपण मीटरला विरोध केला तो योग्यच होता. पण वीज परत देण्यासाठीही मीटर लागणारच आहे. तेव्हा मीटर नको एवढ्यावर न थांबता, मीटरवरील नोंद ग्राहकाच्या मालकीची आहे, ही मागणी करावी लागेल.

राज्य विद्युत नियामक आयोगापुढे दरवाढीच्या सुनावण्या होतात, तेथे प्रत्येक तालुक्यातून लेखी हरकत जावी. परत दिलेल्या विजेच्या दरात बॅटरीची झीज धरलीच पाहिजे, मध्यस्थाच्या कमिशनला कमाल मर्यादा असली पाहिजे, आणि ग्रामपंचायत किंवा ग्राहकांची सहकारी संस्था यांना मध्यस्थ होण्याचा पहिला हक्क असला पाहिजे, असे तीत लिहावे. एस.टी. कामगार संघटनांनी भाड्याच्या बसगाड्यांच्या प्रत्येक करारात बॅटरीतून होणारी प्राप्ती महामंडळाची राहील, असे कलम मागावे; ते मिळत नसेल तर गाड्या विकत घेण्याची मागणी पुन्हा पुढे आणावी. वरवट बकाल आणि संग्रामपूर येथील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत मुक्कामी गाडीचा प्रश्न ठरावाच्या रूपाने मांडावा, आणि ठरावाची एक प्रत शेगाव व जळगाव जामोदच्या आगारप्रमुखांकडे, दुसरी पाणीपुरवठा योजनेच्या कार्यालयाकडे समक्ष नेऊन पोच घ्यावी.